पावसाळ्यानंतर गुलाबाची छाटणी - माझा अनुभव (नाशिक)

आमच्या गच्चीवर आईने लावलेले गुलाब आहेत, सगळे १२-१४ इंची कुंड्यांमध्ये. एक लाल ग्लॅडिएटर, एक डबल डिलाइट, दोन-तीन नर्सरीतून आणलेले ज्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत आणि एक देशी गुलाबी, ज्याच्या पाकळ्यांचा आई गुलकंद घालते. आईला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही त्यामुळे मागच्या पावसाळ्यापासून सगळं माझ्याकडे आलं. सप्टेंबर संपताना झाडांची अवस्था वाईट होती, पानांवर काळे ठिपके, खालची पानं पिवळी पडून गळलेली, फांद्या नुसत्या उंच वाढलेल्या आणि टोकाला कुठेतरी एखादं छोटं फूल. दोन फांद्या तर शेंड्याकडून काळ्या पडत पडत खाली येत होत्या.

ओळखीतल्या सगळ्यांनी खतंच सांगितली, चहाची पावडर घाल, केळीच्या साली घाल, अंड्याची टरफलं घाल. माझा मामा निफाडकडचा, द्राक्षबाग आहे त्याची, त्याला फोन केला तर म्हणाला, "खताचं नंतर बघू रे, आधी छाट. आणि छाटताना हात आखडू नको." द्राक्षवाल्यांना हे सांगावं लागत नाही, एप्रिलला खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी (फळासाठी) हे त्यांचं वर्षाचं गणितच आहे. गुलाबालाही फूल नव्या फुटीवरच येतं, मग जुन्या काड्या सांभाळत बसून झाडाची ताकद लाकडातच जाते. मला हे पटलं, आणि आता तर ठाम मत झालंय की कुंडीतल्या गुलाबाला पाच-सहा तास ऊन आणि वेळेवर छाटणी मिळाली तर बाकी गोष्टी दुय्यम आहेत.

परतीचा पाऊस पूर्ण जाईपर्यंत मात्र थांबलो, कारण ओल्या हवेत काप उघडे राहिले की त्यातूनच बुरशी आत शिरते. त्याआधी आठवडाभर पाणी कमी केलं, कुंडीतली वरची तीन-चार बोटं माती काढून मुळांना जरा ऊन दाखवलं. मुळं पूर्ण कोरडी पडू द्यायची नाहीत, कुंडीत माती मुळात थोडी असते.

छाटायला मामा स्वतः आला त्याचं सिकेटर (छाटणीची कात्री) घेऊन. आधी वाळकं सगळं काढलं, मग पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या, मग मधोमध एकमेकींवर घासणाऱ्या, म्हणजे झाड आतून मोकळं होतं आणि हवा खेळते. शेवटी प्रत्येक झाडाला चार-पाच जाड फांद्या ठेवल्या आणि त्या जवळजवळ निम्म्या केल्या, पण कुठेही नाही, बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा (जिथून नवा कोंब फुटतो तो फुगवटा) बघायचा आणि त्याच्या वर साधारण पाव इंचावर तिरका काप, उतार डोळ्याच्या उलट बाजूला म्हणजे पाणी डोळ्यावर साचत नाही. काळ्या पडलेल्या फांद्यांना वेगळा नियम. काप घेऊन आतला गाभा बघायचा, तपकिरी दिसला की अजून खाली, पुन्हा बघायचं, स्वच्छ पांढरा गाभा लागेपर्यंत खाली यायचं. डबल डिलाइटची एक फांदी अशी करत करत पार बुडाशी आली, जीव तुटत होता पण मामा म्हणाला रोग ठेवून फांदी वाचत नसते. दर झाडानंतर सिकेटर स्पिरिटने पुसलं. देशीचे फक्त शेंडे आणि वाळकं काढलं.

एका नाव नसलेल्या झाडाला एक लांब, फिकट हिरवी, जोमदार फांदी होती आणि मला वाटत होतं हीच सगळ्यात चांगली. मामाने बुडाची माती उकरून दाखवली, ती कलमाच्या जोडाच्या खालून म्हणजे खुंटातून (ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधतात त्यातून) आलेली, तिला त्या गुलाबाचं फूल कधीच येणार नाही आणि वरचं कलम मात्र उपाशी मरेल. ती कापली नाही, बुडापासून ओढून उपटली, कापली तर परत फुटते. एका देठाला सात पानं असली की फांदी रानटी असं बरेच जण सांगतात पण काही चांगल्या गुलाबांनाही सात पानं येतात, त्यामुळे ती कुठून निघालीये ते बघणंच खरं.

कापांना बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट लावली. घरापुरती १० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १० ग्रॅम चुना आणि १०० मिली पाणी पुरतं, दोन्ही वेगवेगळं प्लास्टिकच्या भांड्यात भिजवून मग एकत्र करायचं, धातूचं भांडं नको. त्यात लोखंडी खिळा बुडवायचा, तांब्यासारखा लालसर थर आला तर चुना अजून हवा. त्याच दिवशी वापरून टाकायची. हे मिश्रण मुळात फ्रान्समधल्या बोर्डोच्या द्राक्षांसाठीच १८८५ च्या सुमारास आलं, म्हणून नाशिकमध्ये कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मोरचूद सहज मिळतं.

उरलेली रोगट पानं झाडावरची आणि कुंडीतली सगळी वेचून कचऱ्यात टाकली, कंपोस्टमध्ये नाही. मग शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, थोडा हाडांचा चुरा मातीत मिसळून कुंड्या भरल्या. यानंतर पाणी बेताचं, कारण पानंच नाहीत तर झाड पाणी पिणार कसं. आई खालून रोज विचारायची, "अरे, पाणी घातलंस का गुलाबांना?" आणि तिला रोज समजवावं लागायचं, नुसत्या छाटलेल्या काड्या बघून तिचाही जीव वरखाली होत होता.

दिवाळीपर्यंत लाल कोंब निघाले. छाटणीपासून फुलापर्यंत साधारण ४५ दिवस धरतात, आमच्याकडेही डिसेंबरच्या सुरुवातीला ग्लॅडिएटर उमलला, दांडा हातभर लांब. डबल डिलाइटचं फूल मी आईला खाली नेऊन दाखवलं, मलईच्या रंगाला ऊन लागेल तशी कडेने लाली चढत जाते, तिने ते देवघरात न ठेवता दिवसभर खिडकीत उन्हात ठेवायला लावलं. मोठं फूल हवं असेल तर मुख्य कळीच्या बगलेतल्या बारीक कळ्या आधीच खुडायच्या. थंडी वाढली तशी कोवळ्या पानांवर भुरी (पांढरी बुरशी) आली, पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम फवारलं, पण हे थंडीतच, कडक उन्हात गंधकाने पानं करपतात. फूल सुकलं की एका देठाला पाच पानं असतात तिथे, त्या देठाच्या वर कापायचं म्हणजे तिथून पुढची फूट जोमदार येते. फेब्रुवारीपासून लाल कोळी (बारीक कीड) येतो तो पानांच्या खाली असतो, पाइपने खालून जोरात पाणी मारलं की बराच आटोक्यात राहतो.

यंदा सिकेटरला धार लावून ठेवलीये, पाऊस उघडायची वाट बघतोय. कुणाचं ऑक्टोबरमध्ये जमलं नाही तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत छाटलं तरी चालतं, फुलं तेवढी उशिरा येतील.