प्रोफेसर पदाची फाईल आणि माझे १३ "परके" पेपर

मी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते. कॅसमधून, म्हणजे करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम या बढतीच्या योजनेतून, प्रोफेसर पदासाठी फाईल टाकली आणि ती ४ महिने एकाच टेबलावर पडून राहिली. ऑर्डर हातात आली तरी राग गेलेला नाही, म्हणून लिहितेय. कोर्सेस, गोपनीय अहवाल, ते सगळं भराभर झालं. अडलं ते संशोधनाच्या पेपरांवर.

माझे १९ पेपर, त्यातले फक्त ६ संख्याशास्त्राच्या जर्नलमधले. बाकीचे कांद्याच्या साठवणुकीवर, टीबीच्या पेशंटवर, पावसावर, कारण ज्यांच्याकडे डेटा असतो ते लोक आमच्याकडे येतात आणि आमचं काम असंच चालतं. छाननी करणाऱ्या सरांनी १३ पेपरांपुढे पेन्सिलने फुली मारली. "मॅडम, हे शेतीचं जर्नल आहे, तुमच्या विषयाचं नाही." मी म्हटलं, सर, प्रयोगाचं डिझाईन माझं, मॉडेल माझं, त्यातला एकेक आकडा मी काढलाय. तर म्हणे नियमात बसत नाही. नियम दाखवा म्हटलं की पुढच्या आठवड्यात या. असे ५ आठवडे गेले, दर वेळी लेक्चर अ‍ॅडजस्ट करून मी जायची आणि तेच ऐकून परत यायची. एकदा तर जिन्यातच रडू आलं.

शेवटी २०१८ ची यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, नियमावली स्वतः घेऊन बसले. रिसर्च स्कोअरच्या टेबलात जर्नल पिअर रिव्ह्यूड (म्हणजे छापण्याआधी इतर तज्ज्ञांकडून पेपर तपासून घेणारं) किंवा यूजीसीच्या यादीतलं हवं एवढंच आहे. ते पान मार्करने रंगवून अर्जाला लावलं आणि सोबत एक पानाचं टिपण लिहिलं, की संख्याशास्त्रज्ञ फिशरने अ‍ॅनालिसिस ऑफ व्हेरियन्स ही गटांतले फरक तपासायची पद्धत उभी केली ती इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात, आपल्या सुखात्मे-पानसे या संख्याशास्त्रज्ञांचं काम पीक कापणी प्रयोगांवरचं, आणि पेशंट किती काळ जगतात त्याच्या विश्लेषणात वापरतात तो कपलान-मायरचा १९५८ चा आणि कॉक्सचा १९७२ चा पेपर संख्याशास्त्राच्या जर्नलमधले असले तरी त्यांना सायटेशन्स (दुसऱ्यांच्या पेपरांतले संदर्भ) मिळाली ती मुख्यतः डॉक्टरांकडून. शेतीचं जर्नल माझ्या विषयाचं नसेल तर मग विषयच कुठे राहतो? कमिटीतल्या विषयतज्ज्ञांनी ते टिपण वाचलं आणि १३ पैकी १२ पेपर तिथल्या तिथे मान्य केले. उरलेल्या एकाचं जर्नल यादीतून गेलेलं होतं, ते मला मान्य आहे.

त्या नियमावलीप्रमाणे रिसर्च स्कोअर ११० लागतो, आणि आपल्या स्टॅटिस्टिक्सवाल्यांना तिथे फटका बसतो. दोनपेक्षा जास्त लेखक असले की मुख्य किंवा कॉरस्पाँडिंग (जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या) लेखकाला ७० टक्के गुण, बाकी प्रत्येकाला ३०. आपण बहुतेक वेळा मधले. माझ्या थिअरीच्या एका पेपरला ३ वर्षं लागली, सायटेशन्स ४. टीबीच्या पेपरला २ महिने लागले, सायटेशन्स १४०, पण मी तिथे चौथी. दोन्ही पेपर मला सारखेच माझे वाटतात. म्हणून आता डेटा हातात घ्यायच्या आधीच लेखकांचा क्रम ठरवून घेते, यात संकोच करू नका.

सायटेशनचा प्रिंटआऊट काढताना आणखी एक निघालं. डेटाबेसमध्ये माझ्या नावाच्या तीन प्रोफाईल! लग्नाआधीचं आडनाव, नंतरचं, मधल्या नावाचं इनिशियल एकदा वडिलांचं एकदा नवऱ्याचं, त्यात विषय वेगवेगळे, त्यामुळे सिस्टीमने तीन बायका धरल्या. एच-इंडेक्स ५, ४ आणि ३. एच-इंडेक्स ५ म्हणजे निदान ५ पेपरांना प्रत्येकी ५ सायटेशन्स, त्यामुळे त्यांची नुसती बेरीज होत नाही, मर्ज केल्यावर ८ आला. मर्जची रिक्वेस्ट ऑनलाईन टाकली आणि दोन आठवड्यांत झालं, पैसे लागले नाहीत. ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळख नंबर मात्र पहिल्या पेपरच्या आधीच काढा, तोही फुकट आहे, आडनाव बदललं तरी तो बदलत नाही. गूगल स्कॉलरमध्ये पेपर आपोआप जोडायचं सेटिंग बंद ठेवा, नाहीतर दुसऱ्याच कुणाचे पेपर आपल्या नावावर येतात.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं. मुख्य लेखकाकडून योगदानाचं पत्र पेपर छापून आल्याबरोबर घ्या. आमच्या टीबीवाल्या डॉक्टरांची बदली झाली होती, त्यांच्या एका सहीसाठी ३ आठवडे गेले. जर्नलमध्ये योगदानाचा रकाना असेल तर तिथे फॉर्मल अ‍ॅनालिसिस आणि मेथडॉलॉजीपुढे आपलं नाव लागलंय ना, ते प्रूफ आलं की बघा.