जागा कुणाच्या नावावर होती

शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला दादांचा फोन आला. चिंचवडला राहत्या फ्लॅटमध्येच त्यांचं लग्नाच्या फोटो-व्हिडिओचं काम चालतं. दादा कॅमेऱ्यावर, वहिनी एडिटिंगला, हाताखाली एक मुलगा. सगळं फुटेज हॉलमधल्या टीव्हीखालच्या डब्यावर, म्हणजे डिस्क बसवलेल्या छोट्या साठवणीच्या संगणकावर. तो डबा मीच बसवून दिलेला, त्यामुळे काही अडलं की फोन मलाच.

"ताई, डबा फुल झालाय. दुपारी जुन्या फायली उडवल्या, पावणेदोन-एक टीबी तरी असतील. पण जागा जेवढी होती तेवढीच दाखवतोय. आता एका व्हिडिओत सांगितलंय तसं सगळे स्नॅपशॉट निवडून ठेवलेत, उडवू का?"

मी स्कूटरची किल्ली शोधता शोधता सांगितलं, "दादा, कशालाही हात लावू नका. ती खिडकी तशीच बंद करा. मी येते." स्नॅपशॉट म्हणजे फोटो नव्हे, तर डब्याने वेळोवेळी ठेवलेली आपल्या फायलींची नोंद; पुसलेली फाइल त्यातूनच परत मिळते.

घाईचं कारण साधं होतं. लग्नसराईचे दिवस. त्या दिवशीच्या लग्नाची कॅमेऱ्याची चार मेमरी कार्डं भरून आलेली, मिळून ४३० जीबी. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला तळेगावात दुसरं लग्न, आणि तिथे हीच कार्डं लागणार. म्हणजे रात्रीतून ती रिकामी व्हायलाच हवीत. डब्यावर मोकळी जागा ३८ जीबी.

माझ्या बॅगेत १ टीबीची एक एसएसडी, म्हणजे छोटी वेगवान डिस्क, कायम असते. दादा म्हणाले, यावर घ्या आणि कार्डं फॉरमॅट करू. ते मी करत नाही. ज्या लग्नाचं फुटेज पुन्हा काढता येणार नाही, ते किमान दोन जागी उतरल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, मग कितीही रात्र होवो. एक प्रत एसएसडीवर, दुसरी डब्यावर. तेव्हा डब्यात जागा करणं भागच होतं.

डब्यात ८ टीबीच्या दोन डिस्क आहेत. एकीवर जे लिहिलं जातं तेच दुसरीवर. हाताशी येतात ७ टीबीच्या जरा वर. त्यावर झेडएफएस आहे. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये मोठ्या सर्व्हरांसाठी घडलेली ही फाइलव्यवस्था आता लोकांच्या टीव्हीखाली येऊन बसली आहे. तिचा स्वभाव असा, की जुन्या मजकुरावर ती कधी गिरवत नाही. बदल झाला की नवीन जागी लिहिते आणि जुनी जागा सोडून देते. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणी कोणकोणत्या जागा वापरात होत्या त्याची नोंद. म्हणून तो घेताना क्षणही लागत नाही आणि जागाही लागत नाही. जागा लागते नंतर. फाइल पुसली तरी एखाद्या स्नॅपशॉटच्या नोंदीत ती असेल, तर तिची जागा सुटत नाही.

कमांड लाइनवर जागेचा हिशेब काढला. चालू फायली ३.३ टीबी, स्नॅपशॉटांनी धरलेले ३.७ टीबी. दुपारी दादांनी उडवलेले १.८ टीबी या रकान्यातून त्या रकान्यात गेले होते, बाकी काही झालं नव्हतं.

दादा शेजारी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. यादीत ३९३ स्नॅपशॉट, प्रत्येकापुढे त्याची जागा लिहिलेली. कुठे काही एमबी, कुठे चार-पाच जीबी, एकापुढे मात्र ७४० जीबी. बेरीज केली तर जेमतेम १.२ टीबी. "मग उरलेले अडीच टीबी कुठे गेले, ताई?"

हा प्रश्न प्रत्येकाला पडतो, आणि तो पडायलाच हवा. दादांचं गाव जुन्नरकडे, म्हणून मी सातबाऱ्यावरून सांगितलं. वडिलोपार्जित जमिनीवर पाच भावांची नावं आहेत. ती कुणा एकाची म्हणून दाखवता येत नाही. एका भावाने हक्कसोड केला तरी जमीन मोकळी होत नाही. शेवटचं नाव निघेल तेव्हाच ती सुटेल. स्नॅपशॉटापुढे जो आकडा दिसतो तो फक्त त्याच्या एकट्याच्या नावावरच्या जागेचा. दोघातिघांत सामाईक असलेली जागा कुणाच्याच पुढे दिसत नाही. म्हणून एकेक स्नॅपशॉट उडवत बसलं तर बराच वेळ फारसं काही सुटत नाही, आणि वैतागून सगळे एकदम उडवले तर सगळंच सुटतं. त्यात पुसलेल्या फायलींची शेवटची प्रतही गेली.

त्या शेवटच्या प्रतीचीच मला काळजी होती. दुपारचा ३ वाजताचा स्नॅपशॉट आणि आत्ताची स्थिती, यातला फरक काढायला लावला. जे पुसलं गेलं त्यापुढे वजा चिन्ह येतं. यादी लांबलचक निघाली. मी वहिनींना बोलावलं आणि म्हटलं, एकेक फोल्डरचं नाव वाचू या.

जुनी लग्नं, दिलेले अल्बम, कुणाचं बारसं, कुणाची मुंज. वहिनी "दिलंय, दिलंय" म्हणत पुढे चालल्या होत्या. मग त्या थांबल्या. "हा साखरपुडा इथे कसा?"

फेब्रुवारीतल्या लग्नाचा साखरपुडा होता तो. लग्नाचा अल्बम तयार होता, साखरपुड्याचं एडिटिंग अजून व्हायचं होतं. मध्ये कधीतरी जागा कमी पडली तेव्हा हाताखालच्या मुलाने मूळ फुटेज 'जुनी कामं' नावाच्या फोल्डरमध्ये सरकवलं होतं, आणि दादांनी तो फोल्डर आख्खा उडवला. २१० जीबी. कार्डं केव्हाच पुसलेली. बाहेरच्या डिस्कवर तयार झालेले व्हिडिओ तेवढे असतात, मूळ फुटेज नाही. वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "त्या मुलीचे आजोबा साखरपुड्यानंतर गेले हो. लग्नात नव्हते ते."

थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

ते फुटेज आता फक्त स्नॅपशॉटांमध्ये होतं. पहिलं काम केलं ते ३ च्या स्नॅपशॉटवर 'होल्ड' लावण्याचं. होल्ड असला की तो उडवायचा कुणी प्रयत्न केला तरी नकार येतो. त्याला 'साखरपुडा' असंच नाव दिलं. फुटेज परत चालू फोल्डरमध्ये आणायचं तर २१० जीबी जागा हवी, आणि होती ३८. डबा काठोकाठ भरू देण्यातही धोका असतो, कारण पुसतानासुद्धा या व्यवस्थेला नवीन नोंद लिहावी लागते आणि मग पुसणंच अडू शकतं. म्हणून स्नॅपशॉटच्या लपलेल्या फोल्डरमधून ते थेट माझ्या एसएसडीवर घेतलं. पाऊण तास लागला. वहिनींनी मधली एक क्लिप उघडली, नीट चालते का पाहिलं, आणि मगच चहा टाकायला उठल्या.

आता तो ७४० जीबीचा स्नॅपशॉट. बाकीचे वेळापत्रकाने घेतलेले. तासातासाचे दोन आठवडे आणि रोजचे आठ आठवडे राहतात, मग आपोआप गळतात. हा वेगळा होता. नाव होतं 'अपग्रेडच्या आधी', तारीख दोन वर्षांपूर्वीची. तो मीच घेतला होता. डब्याची प्रणाली अद्ययावत करताना हाताने घेतला, काम झाल्यावर काढायचा राहिला. हाताने घेतलेला स्नॅपशॉट कुठल्याच वेळापत्रकात बसत नाही, त्यामुळे तो कधी गळत नाही. दोन वर्षं तो जुन्या फायली धरून बसला होता. हे मी दादांना तिथेच सांगितलं. ही चूक माझी होती, आणि त्या रात्रीच्या कोंडीत तिचा मोठा वाटा होता.

त्यात काय आहे तेही आधी वाचलं, त्याच पद्धतीने. सगळी दिलेली कामं निघाली, तयार व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर होते. उडवण्याची कमांड आधी नुसती रंगीत तालीम म्हणून चालवली. त्यात काही उडत नाही, किती जागा सुटेल तेवढं कळतं. ७४० जीबी. मग खरी चालवली. जागा एकदम येत नाही, मागे काम चालू राहतं. १२०, ३१०, ५५० असा आकडा चढताना दादा पडद्यावरून नजर काढत नव्हते.

आणखी जवळपास एक टीबी सुटण्यासारखा होता. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची कॅश, म्हणजे त्याच्या तात्पुरत्या फायली, याच फोल्डरात होती. ती दिवसभर बदलते आणि तासातासाचे स्नॅपशॉट ती इमानेइतबारे धरून ठेवतात. दादा म्हणाले, आत्ताच करून टाकू. मी नाही म्हटलं. रात्री साडेअकराला, दिवसभर उभं राहून आलेल्या माणसांच्या होकारावर, लागते तेवढीच जागा सोडवायची.

कार्डं उतरवून पूर्ण झाली तेव्हा एक वाजून गेला होता. डब्यावरची आणि एसएसडीवरची प्रत पडताळून पाहिली, आणि दादांनी कार्डं फॉरमॅट केली. एसएसडी मी तिथेच ठेवून आले.

मंगळवारी परत गेले. कॅशसाठी वेगळा डेटासेट, म्हणजे डब्यातला स्वतंत्र कप्पा, केला आणि त्याचे स्नॅपशॉट बंद ठेवले. तासातासाचे आता दोनच दिवस, रोजचे दोन आठवडे, आठवड्याचे दोन महिने. डबा ८० टक्के भरला की दादांना आणि मला दोघांनाही मेल येतो. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहतात, डबा चोरीला गेला किंवा जळाला तर तेही जातील, म्हणून वहिनींच्या माहेरी साताऱ्याला दुसरा डबा ठेवायचं ठरलं आहे.

'साखरपुडा' होल्ड मात्र मी तसाच ठेवला होता. महिन्याभराने वहिनींचा फोन आला, व्हिडिओ दिला म्हणून. त्या रविवारी मी गेले. मूळ फुटेज डब्यावर योग्य फोल्डरमध्ये आहे, बाहेरच्या डिस्कवर आहे, हे दोन्हीकडे उघडून पाहिलं. उरलेली यादी वहिनींनी शेवटपर्यंत, एकही ओळ न गाळता, पुन्हा वाचली. मग होल्ड काढला आणि ती कमांड त्यांच्याच हाताने चालवली. मोकळ्या जागेचा आकडा हळूहळू वर जाऊ लागला.