पगाराची चिठ्ठी

"पगाराची चिठ्ठी आहे का?" वकीलसाहेबांचा पहिलाच प्रश्न. पाय कसा आहे, ते नंतर.

नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळ, जिल्हा न्यायालयाच्या आवारात बसलो होतो. मावसभावाच्या मांडीत रॉड. दिंडोरी रोडवर टेम्पोने त्याच्या मोटारसायकलला मागून उडवलं. हा द्राक्षबागांत छाटणी करतो. मजुरी रोख, संध्याकाळी हातात. चिठ्ठी कोण देणार?

वकिलांनी कागदावर नुकसानभरपाईचा हिशेब मांडला. वर्षाची कमाई, अपंगत्वामुळे त्यातली किती टक्के बुडणार, आणि वयानुसार ठरलेला गुणक. याचं वय 32, म्हणून 16. म्हणजे कमाई कमी धरली गेली की तो तोटाही सोळापट! पुरावा नसेल तर मोटार अपघात न्यायाधिकरण (असे दावे ऐकणारं कोर्ट) कमाई अंदाजाने धरतं, बऱ्याचदा किमान वेतनाच्या आसपास.

तिथूनच बागवाल्याला फोन लावला. माणूस चांगला, दवाखान्यात डबाही पाठवला होता. म्हणाला, "लिहून देतो भाऊ, पण कोर्टाबिर्टात नाही हं येणार."

तेच वाक्य दिवसभर टोचतंय. कोर्टात येऊन सांगणारा नसेल तर त्या चिठ्ठीला वजन किती?

इकडे टेम्पोवाल्याचे पाहुणे 'मिटवून टाका' म्हणत घरी चकरा मारतायत. दाव्याला 2022 पासून अपघातानंतर सहा महिन्यांची मुदत आहे, हे त्यांना माहीत असावं. (वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कुणाला तरी उपयोगी पडेल.)

बागायतदार मित्रांनो, तुमच्याकडे येणाऱ्या मजुरांची मजुरी कुठल्या वहीत तरी लिहिता का?