बंबाचा गंज

शिवाजी पेठेतल्या आमच्या घराच्या परड्यात, न्हाणीघराच्या भिंतीला लागून, पाणी तापवायचा तांब्याचा जुना बंब आहे. घरात गॅसचा गिझर आल्यापासून तो रोज पेटत नाही, पण दिवाळीच्या पहिल्या अंघोळीपासून होळीपर्यंत आमच्याकडे बंबाचेच पाणी लागते. यंदा नवरात्र संपताच मी त्याची खालची जाळी बाहेर ओढली, तेव्हा जाळीसोबत ओल्या राखेचा चिखलासारखा गोळा बाहेर आला आणि त्या राखेत तळहाताएवढे लोखंडाचे पापुद्रे होते.

बंब तांब्याचा म्हटला तरी तो सगळा तांब्याचा नसतो. आमच्या बंबाची जाळी बिडाची आहे, तो ज्या तिवईवर बसतो ती लोखंडी पट्टीची आहे आणि वरचे धुराडे पत्र्याचे आहे. तांबे हिरवट पडते, पण पुटाखाली शाबूत राहते. लोखंडाचे तसे होत नाही. पाणी आणि हवेतला प्राणवायू मिळून जो गंज तयार होतो, तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो फुगून पापुद्र्यांनी सुटतो आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा ओलीला उघडे पडते.

सासूबाईंनी ती राख पाहिली आणि त्या लगेच म्हणाल्या, "गेल्या साली मीच राख काढली न्हाई. गुडघं धरल्यालं, त्यात वाकतंय कोण?" चाळीस वर्षे शेवटची आग विझली की त्या राख काढून, जाळी पुसून ठेवत आल्या होत्या, आणि ते काम आम्हा कुणाच्या कधी डोळ्यांतच भरले नव्हते. राखेने आपण भांडी घासतो, ती क्षारयुक्त असते, म्हणून ती लोखंडाला राखेल असा माझाही समज होता. कोरड्या राखेने सहसा काही बिघडत नाहीच. पण लाकडाच्या आणि शेणीच्या राखेतले क्षार हवेतली ओल ओढून घेतात आणि धरून ठेवतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्याने गंजू लागते, आणि कोल्हापूरचा पावसाळा जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्याच्या बराच वर असतो. म्हणजे आमच्या जाळीवर चार महिने ओला पोटीस बांधलेला होता. आग पेटत असते तेव्हा ती सगळे कोरडे ठेवते. बंब गंजतो तो थंड असताना.

दुसरी गोष्ट बंब रिकामा करून दोघांनी उचलला तेव्हा कळली. तिवईचे तीन पाय सारखे गंजले नव्हते. नळाच्या बाजूचा पाय आणि त्यावरचे, बंब टेकतो ते गोल कडे निम्मे खाल्लेले होते, तर मागच्या दोन पायांवर नुसता तांबूस थर होता. नळाच्या दांड्याजवळून पाणी झिरपत होते, थेंब तांब्यावरून ओघळून नेमका कड्यावर थांबत होता. तांबे आणि लोखंड एकमेकांना टेकलेले असतील आणि मध्ये पाणी असेल, तर त्या जोडीची एक लहानशी बॅटरीच तयार होते आणि तीत झिजते ते लोखंड. कोरडे असताना हेच दोन धातू वर्षानुवर्षे शेजारी सुखाने राहतात. त्यामुळे गंज काढण्याआधी मी नळाचा वॉशर बदलून घेतला. गळती तशीच ठेवून घासत बसण्यात काहीच अर्थ नव्हता.

तिवई आणि धुराडे घेऊन आम्ही उद्यमनगरातल्या एका वेल्डिंगवाल्याकडे गेलो. त्यांनी ब्रश हातात घ्यायच्या आधी छोटी हातोडी घेतली. "ताई, नुसतं घासून काय उपयोग न्हाई, आधी वाजवून बघा," असे म्हणून त्यांनी तिवईवर वरपासून खालपर्यंत हलके ठोके दिले. चांगल्या पट्टीचा आवाज खणखणीत येत होता आणि जिथे लोखंड आतून पोकळ झाले होते तिथे तो बसका येत होता. नळाच्या बाजूचे कडे त्यांनी कापून नवीन जोडले. धुराड्याची परीक्षा मी रात्री घरी केली: आत बॅटरी लावली आणि बाहेरून पाहिले. तळाच्या वीतभर भागात सुईच्या टोकाएवढे सात-आठ उजेडाचे ठिपके दिसले. हे मला सगळ्यांत गंभीर वाटले, कारण अशा भोकांतून धूर न्हाणीघराच्या खिडकीतून आत येऊ शकतो, आणि धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो की वास नसतो. तेवढ्या भागावर पट्टी न मारता तो तुकडाच बदलला. नवीन तुकड्यासाठी चकचकीत जस्ताचा पत्रा घ्यावा असे घरात एकाने सुचवले होते. पण जस्त सुमारे 420 अंश सेल्सियसला वितळते आणि आगीच्या तोंडाशी तो मुलामा टिकत नाही, म्हणून आम्ही 16 गेजचा साधा काळा पत्रा घेतला आणि त्याला 600 अंशांपर्यंत टिकणारा अॅल्युमिनियम रंग दिला. नेहमीचा रेड ऑक्साइड अशा जागी जळून जातो.

जाळीला मी स्वतः दोन दुपार दिल्या. बीड ठिसूळ असते, म्हणून हातोडी न वापरता तारेचा ब्रश आणि 80 नंबरचा पॉलिश पेपर एवढ्यावरच काम केले, आणि गंजाची धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावला. घासून झाल्यावर ती उन्हात वाळवून, कोमट असतानाच तेलाचा हात दिला.

तिवईला मात्र हिरडा वापरला, आणि याचे मला फार समाधान आहे. हिरड्यात टॅनिन भरपूर असते. कोल्हापुरी चपलेचे कातडे कमावताना बाभळीच्या सालीबरोबर हिरडा वापरतात तो त्यासाठीच, आणि हिरडा व लोखंड मिळून काळी शाई करण्याची रीतही आपल्याकडे जुनी आहे. तीच क्रिया गंजावरही होते. सुटा गंज खरवडून काढला, हिरड्याची मूठभर पूड लिटरभर पाण्यात निम्मे होईपर्यंत उकळली आणि तो काढा कोमट असताना ब्रशने लावला. पहिल्या पाच मिनिटांत तांबूस पट्टीवर जांभळट डाग उमटू लागले, संध्याकाळी ती करडी झाली आणि दुसऱ्या हातानंतर सकाळी निळसर काळी दिसत होती. हा थर पाणी अडवत नाही, त्यामुळे त्यावर जवसाचे तेल पातळ चोळले. त्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, कारण त्या आपोआप तापून पेटू शकतात; मी त्या दोरीवर पसरून वाळवल्या. कड्यावर, तांबे टेकते त्या जागी, काचेच्या धाग्याची दोरी गुंडाळली. पूर्वी तिथे अॅस्बेस्टॉसची दोरी असे, पण तिचे तंतू फुप्फुसाला घातक असल्याने ती घेतली नाही.

वसुबारसेच्या दिवशी बंब पाण्याने भरून पहिली आग मंद ठेवली, दोन शेणी आणि बारीक ढलप्या एवढीच, कारण नवा रंग हळूहळू तापून पक्का व्हावा लागतो आणि त्याला थोडा वेळ उग्र वास येतो. धुराड्यावरची पावसाळी टोपी काढल्याची खात्री आधी करून घेतली होती. पहिल्या अंघोळीच्या दिवशी सगळ्यांचे उटणे उरकल्यावर निखारे विझू दिले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड राख पत्र्याच्या डब्यात भरून अळूच्या वाफ्यात टाकली. सासूबाई पायरीवर बसून बघत होत्या. मी जाळीवरून बोट फिरवून त्यांना दाखवले. बोट कोरडे होते.