कुकरची शिट्टी ऐकतो, मग बोलत का नाही?

आमचा मुलगा अडीच वर्षांचा झाला तरी ‘आई’, ‘बाबा’ आणि पाण्यासाठी ‘मम्‌’ एवढ्यावरच अडला होता. आम्ही कराडजवळ खेड्यात राहतो, त्यामुळे सल्ल्यांना तोटा नाही. आईने वेखंड उगाळून मधातून चाटवायला सुरुवात केली. शेजारच्या काकू म्हणाल्या, जीभ जड आहे. मामांनी तर निकालच लावला, मुलगे उशिराच बोलतात. कान तपासा असं कुणी म्हणेना, कारण कुकरची शिट्टी झाली की पोरगं दचकायचं, फटाका वाजला की रडायचं.

अंगणवाडीच्या ताईंनी मात्र नेमकं हेरलं. समोरून बोललं की त्याला कळतं, पाठीमागून हाक मारली की वळत नाही. अंगणवाडीत वर्षातून दोनदा बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. त्यातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि आम्ही साताऱ्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात गेलो. 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी तिथे मोफत होते. कानात छोटी नळी बसवून ओएई ही कानाची पहिली चाळणी तपासणी केली, दोन्ही कानांचा निकाल ‘रेफर’, म्हणजे आणखी तपासा. पुढची तपासणी बेरा.

बेराबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण जाण्याआधी मला हे कुणीतरी सांगायला हवं होतं. मूल गाढ झोपलेलं असतानाच ही तपासणी होते. डोक्याला चिकटवलेल्या तारांवरून, आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का, ते पाहतात. म्हणून आदल्या रात्री उशिरापर्यंत जागवायचं, पहाटे उठवायचं आणि वाटेत डुलकी लागू द्यायची नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड. पुण्याला जाताना कात्रजच्या घाटापर्यंत चुरमुरे, गाणी, गुदगुल्या सगळं करून झालं होतं. केसांना तेल लावून नेऊ नका, तारा चिकटत नाहीत. आपणहून झोप लागलीच नाही तर झोपेचं औषध देतात, पण ते तिथल्या डॉक्टरांनीच द्यायचं. त्याच झोपेत एएसएसआर ही दुसरी तपासणीही उरकून घेतली. कुठल्या पट्टीतला आवाज किती ऐकू येतो, ते त्यातून कळतं.

ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी आलेख समोर ठेवला. जाड, खालच्या पट्टीतला आवाज 45 डेसिबलला पोचत होता, वरच्या पट्टीतला 75 च्याही पुढे. आलेखावर केळ्याच्या आकाराचा एक पट्टा असतो, आपलं रोजचं बोलणं त्यात बसतं. आमच्या मुलाची रेघ त्या पट्ट्याच्या खालून जात होती; रेघ जितकी खाली, तितका मोठा आवाज लागतो. कुकर आणि फटाके मोठे, ते ऐकू यायचे. ‘स’, ‘श’, ‘फ’ हे मुळात हलके आणि वरच्या पट्टीतले, ते त्याच्यापर्यंत कधी आलेच नव्हते. जे ऐकलंच नाही ते बोलणार कसं? वेखंड त्या दिवशी बंद झालं. आई दोन दिवस गप्प होती, मग तिनेच विचारलं, मशीन कधी मिळणार?

दोन्ही कानांमागची श्रवणयंत्रं ॲडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या सरकारी योजनेतून मिळाली. मशीन लावलं की दुसऱ्या दिवसापासून मूल बोलतं, असा समज असेल तर सोडून द्या. पहिले काही आठवडे ते उपटून फेकण्यातच गेले. एकदा खाटेखाली सापडलं, एकदा कोंबड्यांच्या खुराड्यात. मशीनमधून सारखी शिट्टी येत असेल तर मशीनचा कानात बसणारा साचा सैल झालाय समजा. मूल वाढतं तसा कान वाढतो, साचा पुन्हा करून घ्यावा लागतो.

रोज सकाळी तोंड झाकून सहा आवाज काढायचे: आ, ई, ऊ, म, श, स. ऐकू आला की त्याने डब्यात एक मणी टाकायचा. श आणि स ला मणी पडला नाही की आधी सेल बघायचे. उरलेलं शिक्षण स्वयंपाकघरात आणि गोठ्यात. म्हशीला पाणी दिलं, भाकरी फुगली, जे चाललंय ते त्याच्या जवळ बसून साध्या वाक्यात बोलायचं आणि त्याच्या उत्तरासाठी थांबायचं. हे थांबणं आमच्या बोलघेवड्या घराला सगळ्यात जड गेलं. एका नातेवाइकाने ‘आत्तापासून इंग्रजीच बोला’ असं सुचवलं होतं. बोलणं शिकवणाऱ्या थेरपिस्टनी स्पष्ट सांगितलं, घरात जी भाषा मनापासून बोलता तीच बोला.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज केला. 2016 च्या कायद्यात दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबलची हानी ‘ऐकू कमी येणे’ या गटात येते, आमच्या मुलाची सरासरी त्यातच बसली.

आता तो चार वर्षांचा आहे, तीन-चार शब्दांची वाक्यं करतो, ‘शाळा’ला ‘छाळा’ म्हणतो आणि आजीशी भांडतो. कोणत्या कंपनीचं मशीन घ्यावं, असे फोन मला येतात. मी उलट विचारतो, साचा बनवणारा आणि दुरुस्ती करणारा तुमच्या गावापासून किती लांब आहे?