‘मसाया’चं फाटलेलं परिशिष्ट

ईस्टरच्या आठवड्यातली गोष्ट आहे पण डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहून टाकते.

मी इंग्लंडमध्ये एका छोट्या ऑर्केस्ट्राची लायब्ररियन आहे. म्हणजे प्रत्येक वादकाच्या स्टँडवर त्याचा पार्ट, म्हणजे त्याच्या वाद्यापुरते सूर लिहिलेली वही, बरोबर पानांसकट ठेवायचा, पहिल्या व्हायोलिनवाल्यांनी गज कुठे वर कुठे खाली ते ठरवलं की त्या खुणा बाकी सगळ्यांच्या पार्टात पेन्सिलीने उतरवायच्या, आणि दोन्ही हात वाजवण्यात अडकलेले असताना पान उलटायची वेळ येत असेल तर तिथे जोडपान चिकटवायचं. सगळं नीट झालं तर माझी कुणाला आठवणही होत नाही.

त्या दिवशी अठराव्या शतकातला संगीतकार हँडेल याचा ‘मसाया’ होता, म्हणजे ख्रिस्तावरचा ऑरेटोरिओ, गायक, कोरस आणि ऑर्केस्ट्रा मिळून सादर करतात ती मोठी धार्मिक रचना. लोक याला ख्रिसमसचं संगीत समजतात, पण हँडेलने तो १३ एप्रिल १७४२ ला डब्लिनमध्ये पहिल्यांदा केला, ईस्टरच्या सुमारासच, आणि तेही कर्जापायी तुरुंगात पडलेल्या लोकांसाठी आणि दोन इस्पितळांसाठी पैसे उभे करायला. १४२ कैदी सुटले त्या पैशातून. हा आकडा मी भेटेल त्याला सांगते.

आता गोम अशी की या ऑरेटोरिओची अमुकच एक खरी आवृत्ती असं काही नाही. १७४१ मध्ये २४ दिवसांत लिहून झाला आणि मग हँडेल मरेपर्यंत त्यात बदल करत राहिला, समोर गायक कोण आहे ते बघून. ‘बट हू मे अबाइड’ हा अरिया, म्हणजे एकट्याने गायचं गाणं, मुळात बास, म्हणजे पुरुषाच्या खालच्या आवाजासाठी होता, सगळा एकाच संथ लयीत. १७५० मध्ये गुआदाञी नावाचा विशीतला इटालियन कास्त्रातो (लहानपणीच खच्ची करून ज्याचा उंच आवाज टिकवला जायचा असा गायक) हाताशी आला, तर हँडेलने त्याच्यासाठी मधला भागच नवा लिहिला. ‘तो सोनं गाळणाऱ्याच्या आगीसारखा आहे’ हे शब्द आले की तीनची झुलती लय तुटते आणि तारवाद्यं एकदम पेटतात, प्रेस्टिसिमो, म्हणजे अतिवेगात, सुरावर सूर आदळतात. आपल्याकडे संगीत नाटकात नट बदलला की पदाची पट्टी बदलते तसंच, फक्त हा माणूस आख्खं पदच उलगडून पुन्हा विणायचा. आमच्या कंडक्टरना हीच आवृत्ती हवी होती, कारण गायिका अल्टो, म्हणजे बायकांमधल्या खालच्या आवाजाची होती.

हॉल मोठा म्हणून वादक वाढवले आणि सेकंड व्हायोलिन आणि व्हायोलाचे जादा पार्ट एका संस्थेकडून भाड्याने मागवले. ते दोन दिवस उशिरा आले. मी तपासले, नंबर बघितला, सूर बघितला, पहिल्या ओळी जुळवल्या. सगळं जुळलं, कारण दोन्ही आवृत्त्यांची सुरुवात एकच आहे! भाड्याच्या पार्टांत आत बासची आवृत्ती होती आणि अल्टोची मागे परिशिष्टात. आणि ते परिशिष्ट कुणीतरी कधीतरी फाडून नेलेलं, स्टेपलची दोन भोकं तेवढी शिल्लक. मी मागचं पान उलटलं नाही.

दुपारची रिहर्सल. संथ भाग इतका सुंदर चालला होता की मी मागच्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मग आग आली आणि अर्धे पळाले, अर्धे तिथेच तीनात झुलत राहिले. असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. गायिका थांबली. कंडक्टर काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. एक सेकंड व्हायोलिनवाला मात्र लगेच म्हणाला, ‘मी कागदावर आहे तेच वाजवतोय.’ खरं होतं ते, पण शेजारचा काय वाजवतोय ते ऐकायचं कुणी मग?

प्रेक्षक आत घ्यायला चाळीस मिनिटं होती. आमच्या स्वतःच्या सेटमधून ती पानं कॉपी केली, कडा कापल्या, जुन्या पानांवर कागदी टेपने चिकटवली, गजाच्या खुणा परत उतरवल्या. सात पार्ट. शेवटचे दोन केले तेव्हा हात थरथरत होते.

चिकटवताना एकच डोक्यात होतं. हँडेल ज्या प्रतीवरून वाजवून घ्यायचा ती ऑक्सफर्डला बॉडलियन लायब्ररीत आहे, आणि त्यातही अशीच मागाहून घातलेली पानं आहेत, कुठला अरिया कोण गाणार त्या गायकांची नावं आहेत पेन्सिलीने. लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलला, टाकून दिलेल्या मुलांच्या त्या आश्रमाला, त्याने मृत्युपत्रात ‘मसाया’ची प्रत आणि सगळे पार्ट दिले. त्या पार्टांत एकट्याने गाणाऱ्यांच्या वहीतही कोरस लिहिलेले आहेत, म्हणजे तेही कोरसमध्ये गायचे. हे कळतं कशामुळे, तर पार्ट कुणीतरी नीट लिहिले आणि नीट जपले म्हणून. आणि इथे एकाने कंटाळून पानं फाडली आणि पुढच्याला सांगितलंही नाही. त्या माणसाचा मला अजून राग आहे.

संध्याकाळी तो अरिया झाला आणि आग सगळ्यांना एकदम लागली. मी विंगेत उभी राहून बार, म्हणजे मात्रांचे गट, मोजत होते.

भाड्याचे पार्ट परत पाठवताना सगळं खोडून, चिकटवलेलं काढून द्यायचा नियम आहे. पेन्सिल मी खोडली. पानं काढली नाहीत. प्रत्येकावर चिठ्ठी लावली, ‘गायिका अल्टो असेल तर हे वाजवा’, आणि पार्सल बंद केलं.