तेवीस माणसांची पॉलिसी

चवथीच्या नेवऱ्या अजून डब्यात होत्या आणि आमच्या ग्रुप मेडिक्लेमच्या रिन्यूअलचं कोटेशन आलं. गेल्या वर्षी ३ लाख १० हजार भरले होते, यंदा ४ लाख ९० हजार. गोव्यात कुंडईला आमचा छोटा कारखाना; हिशेब आणि माणसं, दोन्ही माझ्याच गळ्यात. मालक म्हणाले, "लूट आहे ही. दुसरी कंपनी बघ."

दोन बघितल्या. दोघींनी आधी मागितला तो क्लेमचा तक्ता. वर्षभरातले एकूण ४ लाख ४५ हजार. त्यातले २ लाख ८५ हजार एकाच्या वडिलांच्या बायपासचे. फोंड्याच्या एजंटानं समजावलं, "वेर्ण्याला हजार-बाराशे माणसांच्या कारखान्यात असे तीन-चार बायपास धरलेलेच असतात. तुमच्यात एक आला की क्लेम भरलेल्या हप्त्याच्या १४३ टक्के, नाही आला तर ५२. यातला खरा आकडा कुठला धरायचा?" मोठ्या ग्रुपात धोका नसतो असं नाही म्हणे. तिथं गिऱ्हाईक सुटू नये म्हणून विमा कंपन्या दर पाडतात आणि बिलं वाढली की तोंडघशी पडतात.

आमचं दुखणं आणखी एक. २१ हजारांच्या आतल्या पगाराची तरणी पोरं ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारच्या कामगार विम्यात. पॉलिसीत उरलो आम्ही तेवीस, चाळिशी-पन्नाशीतले, बीपीच्या गोळ्यांवाले.

पगारावर खरी माणसं किती ते बघायला कंपन्यांनी पीएफची चलनंही मागितली. मालकाचा आजारी मेव्हणा कागदावर सुपरवायझर करून घुसवलेला नाही ना, ही शंका. राग आला, पण लहान कारखान्यांत असं होतं हे मलाही ठाऊक आहे.

मग मी अक्कल चालवली: आईवडिलांचं कव्हर ज्याला हवं त्यानं पदरचे पैसे भरून घ्यावं. कॅन्टीनमध्ये विचारलं, सहा हात वर. सहाही घरांतली दुखणी मला पाठ होती. एकाच्या आईचं डायलिसिस चालू. यादी पाहून एजंट हसलाच. "ही सहाच नावं पाठवली तर दर बघून तुम्हीच फोन ठेवाल."

शेवटी सगळ्यांचेच आईवडील ठेवले, त्यांच्या बिलातला २० टक्के वाटा ज्याचा त्यानं भरायचा, खोलीच्या भाड्याला मर्यादा. ३ लाख ९५ हजारांवर ठरलं. वर १८ टक्के जीएसटी; २०२५च्या सप्टेंबरात तो वैयक्तिक पॉलिसीवरून गेला, ग्रुपवरून नाही. मालकांनी सही केली, पण दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.